सहावी, सातवी, आठवी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत आजवर प्रवासवर्णने आली, नाट्यसंगीताच्या आठवणी आल्या, नव्या शस्त्रक्रियांची सुबोध माहितीही आली. यंदा संपादकांचा निरोप मिळाल्यावर मी जो विषय निवडला तो यांपैकी कशातच बसणारा नाही. वाचकांना मी जिथे नेऊ इच्छिते ते ठिकाण आपल्यापैकी बहुतेकांच्या दवाखान्यापासून चालत दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर असेल. ते ठिकाण म्हणजे पालिकेची शाळा. आणि त्या शाळेतही सहावी, सातवी व आठवी हे तीन वर्ग.

हा विषय डॉक्टरांच्या मंडळाला परका वाटू नये, म्हणून एका जुन्या ओळखीपासून आरंभ करते. एम.बी.बी.एस.च्या वर्षांत सामाजिक वैद्यकशास्त्राच्या परीक्षेसाठी आपण सर्वांनीच एक माहिती पाठ केली होती: भारतातील शालेय आरोग्यसेवेचा आरंभ १९०९ साली झाला, आणि तो बडोदा शहरातील विद्यार्थ्यांच्या वैद्यकीय तपासणीने झाला. तोंडी परीक्षेत विचारला जाणारा हा हमखास प्रश्न. देशभरातील विद्यार्थी आजही त्याचे उत्तर पाठ करतात. आपण मात्र त्याच शहरात राहतो, त्याच रस्त्यांवरून दवाखान्यात जातो, आणि त्या उत्तराचा आपल्याशी काही संबंध असेल हे सहसा मनात येत नाही.

बडोद्याचा वारसा

१९०९ ची तपासणी एकाएकी उद्भवली नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली होती. ब्रिटिश सरकारने ती मानली नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला, तो पारखून पाहिला, आणि १९०६ साली तो संपूर्ण बडोदा संस्थानास लागू केला. नामदार गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांच्यापुढे बडोद्याचे उदाहरण होते. ते विधेयक पुढच्याच वर्षी नामंजूर झाले. छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला तो १९१७ साली.

सक्तीच्या शिक्षणानंतर अवघ्या तीन वर्षांनी वैद्यकीय तपासणी सुरू व्हावी, हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो. ज्या मुलाला राज्य हुकमाने वर्गात आणून बसवते, त्याला फळा दिसतो का, मास्तरांचे बोलणे ऐकू येते का, त्याच्या पोटात अन्न आहे का, याची चौकशी करण्याचे दायित्वही राज्यावर येते. पुढे १९४६ साली भोर समितीने देशातील शालेय आरोग्यसेवा जवळजवळ अस्तित्वातच नसल्याचे नमूद केले. १९६० साली श्रीमती रेणुका रे यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली गेली. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क मिळाला. फुल्यांच्या मागणीपासून या तारखेपर्यंत १२८ वर्षे गेली.

पटावरची मुले

गेली अकरा वर्षे, टाळेबंदीचा काळ वगळता, महिन्यातून एका शनिवारी मी शहराच्या जुन्या भागातील एका पालिका शाळेत जाते. शनिवारी शाळा सकाळची असते आणि माझा दवाखाना दहाला उघडतो, त्यामुळे ही वेळ सोयीची पडते. शाळा गुजराती माध्यमाची आहे. मुलांचे वडील गवंडीकाम करतात, रिक्षा चालवतात, किंवा ज्या हातगाडीला आपण बडोदेकर लारी म्हणतो तीवर भाजी विकतात. आया चार घरची धुणीभांडी करतात. काही कुटुंबे दाहोद आणि झाबुआकडून बांधकामाच्या मजुरीसाठी आलेली, काही खानदेशातून, काही उत्तर प्रदेशातून. मधल्या सुट्टीत पटांगणावर चार-पाच बोली ऐकू येतात आणि भांडण मात्र सर्वांचे गुजरातीत चालते.

आपल्या आधीच्या पिढीतील कित्येक जण पालिकेच्या मराठी शाळांत शिकले. आपण आपली मुले खासगी इंग्रजी शाळांत घातली. त्यामागची कारणे सर्वांना ठाऊक आहेत, त्यांची चर्चा येथे करत नाही. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की ज्यांच्या शब्दाला शहरात वजन आहे अशा पालकांची ये-जा या शाळांतून थांबली. नळ गळत असेल, पंखा बंद असेल, तर मुख्याध्यापकांना अर्ज लिहावा लागतो आणि तो अर्ज पुढे रेटणारे कोणी नसते. तेथील पालकाचा एक दिवसाचा खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी. तो शाळेत यायचा कसा?

हीच तीन वर्षे का?

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला या तीन इयत्तांची काळजी अधिक वाटते, याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण शरीराचे. जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांनंतर माणसाची वाढ इतक्या वेगाने होते ती याच वयात. मुलींची उंची साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी, तर मुलांची तेराव्या-चौदाव्या वर्षी झपाट्याने वाढते. रक्ताचे एकूण प्रमाण वाढते, स्नायू भरतात, मुलींना पाळी सुरू होते. लोहाची, प्रथिनांची, कॅल्शियमची गरज या काळात चढीला लागते. घरात मात्र ताटात पडणारे तेवढेच राहते. किंबहुना मुलगी मोठी झाली म्हणून तिच्याकडे धाकट्यांना वाढण्याचे काम येते, आणि ती शेवटी जेवते.

दुसरे कारण व्यवस्थेचे. पाच वर्षांखालील मुलासाठी आपल्याकडे अंगणवाडी आहे, लसीकरण आहे, वजनाचा तक्ता आहे. सरकारी वेळापत्रकात पाच वर्षांनंतर दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस आहे. म्हणजे अकरा ते पंधरा या वयात मूल आजारी पडल्याशिवाय त्याला डॉक्टरसमोर आणण्याचे नेमाचे निमित्तच उरत नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा जातात, शाळेत एकदा. शाळेतील भोजनाचेही तसेच झाले. गुजरातेत मध्याह्न भोजन १९८४ पासून आहे. परंतु देशपातळीवर १९९५ साली योजना सुरू झाली ती पहिली ते पाचवीसाठी. सहावी ते आठवीच्या मुलांना तिच्यात जागा मिळाली ती २००७ साली, तीही मागास तालुक्यांपुरती. सर्व देशात ती लागू व्हायला २००८-०९ उजाडले. आज पीएम पोषण या नावाने चालणाऱ्या या योजनेत सहावी ते आठवीच्या मुलासाठी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनांचे प्रमाण ठरलेले आहे. सुट्टीच्या घंटेआधी पाच मिनिटे मुलांचे लक्ष दाराकडे का लागते, हे या आकड्यांवरून समजते. अनेकांचे ते दिवसातील पहिले जेवण असते.

नखे, पापण्या आणि फळा

तपासणीत अधिक आढळते ती रक्तक्षीणता. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी सुमारे ४० टक्के आणि मुलांपैकी सुमारे १८ टक्के रक्तक्षीण आढळले. बारा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींत हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असले तर आपण रक्तक्षीणता म्हणतो. ९ ग्रॅमवर चालणारे मूल चक्कर येऊन पडत नाही. ते फक्त मंद होते. खेळाच्या तासाला भिंतीशी टेकून उभे राहते, गणिताच्या तासाला पेंगते. सहावीतील एका मुलीविषयी तिच्या वर्गशिक्षिका मला म्हणाल्या, “बेन, ही आळशी आहे, पण खोडकर नाही.” ती मुलगी खडूचे तुकडे खात असे. हिमोग्लोबिन ८.६ निघाले. घरी दिवसातून चार वेळा चहा, दोन्ही वेळा चहाबरोबरच पोळी. जंताचे औषध दिले, लोहाच्या गोळ्या तीन महिने दिल्या, आणि चहा जेवणापासून तोडला. दिवाळीनंतर शाळेत गेले तेव्हा तीच मुलगी लंगडीच्या डावात कोणाचा तरी पाठलाग करत होती. मी हाक मारली. तिला थांबायला वेळ नव्हता.

जानेवारी २०१३ पासून शाळेतून आठवड्याला एक लोह व फॉलिक आम्लाची गोळी देण्याची योजना आहे. आरंभी त्या गोळीत १०० मिलिग्रॅम लोह असे. २०१८ सालच्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात ते ६० मिलिग्रॅम करण्यात आले. निळी गोळी म्हणून मुले तिला ओळखतात. फेब्रुवारी २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी अल्बेंडाझोलही शाळेतच मिळते. योजना उत्तम आहे. अडते ते शेवटच्या हातावर. उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळते, एका मुलीला उलटी झाली की साऱ्या वर्गाच्या गोळ्या खिडकीबाहेर जातात, आणि घरी कोणीतरी सांगते की ही गोळी मुले होऊ नयेत म्हणून देतात. गोळी जेवणानंतर द्यावी, शिक्षिकेने स्वतः सर्वांसमोर घ्यावी, आणि शौचाचा रंग काळा होईल हे आधीच सांगावे, एवढ्या तीन गोष्टींनी आमच्या शाळेतील तक्रारी ओसरल्या.

येथे आपल्या व्यवसायबंधूंसाठी एक सूचना. दाहोद, छोटाउदेपूर, झाबुआ या भागांतून आलेल्या मुलाची रक्तक्षीणता लोहाने सुधारत नसेल तर सिकलसेलची चाचणी करावी; काही समाजांत थॅलेसेमिया मायनरही बरेच आढळते. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आहे, त्यामुळे चाचणीची सोय आता पूर्वीपेक्षा जवळ आहे. बाटल्यामागून बाटल्या लोह पाजत राहण्याने अशा मुलाचे काही भले होत नाही.

रक्तानंतर डोळे. ऱ्हस्वदृष्टी वाढते ती याच वयात. ज्याला लांबचे दिसत नाही ते मूल तसे सांगत नाही, कारण सर्वांना असेच दिसते अशी त्याची समजूत असते. ते शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते आणि कॉपी करतो म्हणून मार खाते. दृष्टितक्ता भिंतीला लावून सहा मीटरवर खडूची रेघ ओढली की शिक्षकही ही तपासणी करू शकतात. अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून शाळेतील मुलांना चष्मा मोफत मिळतो. पण चष्मा मिळणे आणि तो नाकावर राहणे यांत अंतर आहे. खानदेशातून आलेल्या एका आईने मला स्पष्ट विचारले, “डॉक्टरबाई, पोरीला आत्ताच चष्मा लावला तर पुढं हिला करून कोण घेईल?” मी काही बोलण्याआधीच जवळ उभ्या असलेल्या शिक्षिकेने आपला चष्मा काढून तिच्यापुढे धरला. “मला घेतलंच ना करून?” आई हसली. मुलीच्या नाकावर चष्मा राहिला, आणि सहामाहीत ती पहिल्या बाकावरून मागच्या बाकावर, आपल्या मैत्रिणीशेजारी गेली. तिच्या दृष्टीने चष्म्याचा खरा लाभ तो होता.

कानांचेही असेच आहे. वर्षानुवर्षे वाहणारा कान घरी कोणाला आजार वाटत नाही. तेलाचे दोन थेंब टाकून कापूस कोंबला जातो. ज्याच्या पडद्याला छिद्र आहे त्या मुलाला वर्गातील अर्धे बोलणे ऐकू येत नाही. त्याच्या मागे उभे राहून हळू आवाजात दोन आकडे म्हणावेत आणि ते उच्चारायला सांगावेत. याला यंत्र लागत नाही, शांत कोपरा मात्र लागतो, आणि पालिका शाळेत तोच दुर्मीळ असतो.

कडी आणि पाणी

सातवीच्या मुलींत पोटदुखी, बद्धकोष्ठ आणि लघवीची जळजळ या तक्रारी वारंवार येऊ लागल्या, तेव्हा मी त्यांच्याशी बाकावर बसून बोलले. उत्तर साधे होते. सकाळी शाळेत आल्यापासून घरी जाईपर्यंत त्या पाणी पीत नव्हत्या. पाणी प्यायले की स्वच्छतागृहात जावे लागते, आणि स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नव्हती. कोणीतरी मैत्रीण बाहेर उभी राहिली तरच जाता येई. पाळीच्या दिवसांत त्यामुळे मुली घरीच राहत. हजेरीपट उघडला तर महिन्याकाठी दोन-तीन दिवसांच्या गैरहजेरीची तीच रेघ नावापुढे पुन्हा पुन्हा दिसत होती.

मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह हा शिक्षणहक्क कायद्याचाच निकष आहे, आणि या शाळेत ते होतेही. नव्हती ती कडी, बादली आणि झाकणाची कचराकुंडी. तिन्ही वस्तू त्याच आठवड्यात शिक्षकांनी आणि मी मिळून बसवून घेतल्या. मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी मी बालवयात पुष्कळ औषधे लिहिली आहेत. त्या कडीइतका दीर्घ गुण क्वचितच कशाने आला असेल.

‘ढ’ हे निदान नव्हे

आठवीतील काही मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही. ग्रामीण भारतातील ‘असर’ सर्वेक्षणात २०२२ साली आठवीच्या दहापैकी सुमारे तीन मुलांची हीच स्थिती होती. शहरातील पालिका शाळेत अशी मुले मलाही भेटतात. शिक्षक आपापसांत त्यांना एका अक्षरात निकालात काढतात, आणि मूलही ते अक्षर स्वीकारते.

अशा मुलाच्या बाबतीत डॉक्टरचे काम काय? पहिले, डोळे आणि कान तपासणे. दुसरे, रक्त. तिसरे, झटके येतात का, रात्री झोप किती होते, घरी काम किती करावे लागते, याची विचारपूस. एक मुलगा पहाटे चारला वडिलांबरोबर भाजीबाजारात जात असे. त्याच्या न वाचता येण्याचे निदान त्या एका वाक्यात झाले. चौथे, शाळा किती वेळा बदलली. दाहोदचे कुटुंब पेरणीला आणि होळीला गावी जाते, कधी एका बांधकामावरून दुसऱ्या शहरात जाते. मुलाची पहिली-दुसरी तुकड्या-तुकड्यांत झालेली असते. हे सर्व वगळल्यावर जी थोडी मुले उरतात, त्यांच्यात अध्ययन-अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने तिला मान्यता दिली आहे, आणि प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत सवलती मिळतात. खासगी शाळेतील पालक हे प्रमाणपत्र मागायला स्वतः येतात. पालिका शाळेतील मुलासाठी ते कोणी मागत नाही.

शिबिर आणि नोंदवही

आपल्या मंडळाने अनेक आरोग्य शिबिरे घेतली आहेत आणि त्यांचा मला आदर आहे. तथापि शिबिराची एक मर्यादा आहे: ते एका दिवसात संपते. त्या दिवशी सापडलेल्या दोषांचे पुढे काय झाले, हे विचारायला दुसऱ्या दिवशी कोणी नसते. दोष सापडणे सोपे आहे. चिठ्ठी घेऊन मोठ्या इस्पितळात जाणे, केसपेपर काढणे, दोन दिवसांची मजुरी बुडवणे, हे त्या कुटुंबाला अवघड जाते.

म्हणून आम्ही शाळेत एक नोंदवही ठेवली. साधी, पुठ्ठ्याची, दोनशे पानी. प्रत्येक मुलाला एक पान: उंची, वजन, दृष्टी, कान, हिमोग्लोबिन, आणि उजवीकडे एक रुंद रकाना, ‘पुढे काय झाले’. हा रकाना रिकामा राहिला तर पुढच्या शनिवारी पहिली चौकशी त्याचीच. ज्या मुलाला इस्पितळात जायचे असेल त्याच्या पालकांना कोणत्या दिवशी, कोणत्या खिडकीवर, कोणते कागद घेऊन जायचे हे त्यांच्या भाषेत लिहून द्यायचे. वही शिक्षिका सांभाळतात. माझ्याकडे ती असती तर ती माझ्या सवडीने उघडली असती.

या वहीत एक पान मला विशेष लक्षात आहे. सातवीतील मुलगी, जिना चढताना दम लागतो एवढीच तक्रार. छातीला स्टेथोस्कोप लावताच हृदयाच्या झडपेचा दोष ऐकू आला. पुढील तपासणीत संधिवाती हृदयरोग निश्चित झाला. दाटीवाटीच्या घरांत घसा दुखण्याकडे दुर्लक्ष होते, आणि पाच ते पंधरा या वयात त्यातून हा रोग उद्भवतो. उपचार जुना आणि स्वस्त आहे: दर एकवीस दिवसांनी बेंझाथीन पेनिसिलिनचे इंजेक्शन, पुढील अनेक वर्षे. चुकले तर झडप आणखी बिघडते. शाळा चालू असताना तिचे एकही इंजेक्शन चुकले नाही. एकवीसावा दिवस शिक्षिकेने वहीत लाल शाईने लिहिलेला असे. दिवाळीत आणि उन्हाळ्यात कुटुंब गावी जाई, म्हणून आम्ही गुजराती आणि हिंदीत एक कार्ड केले, निदान, मात्रा आणि तारखांच्या चौकटी असलेले, जे कोणत्याही आरोग्य केंद्रात दाखवता येईल. त्या कार्डावर तिच्या गावच्या केंद्राचे शिक्के पडून आले, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत आम्ही ते सर्वांना दाखवले.

मग ती आठवी उत्तीर्ण झाली.

आठवीनंतर

गुजरातेत प्राथमिक शाळा आठवीला संपते. नववीसाठी दुसरी शाळा, दुसरे आवार, बहुधा दुसरा रस्ता. शिक्षणहक्काचा कायदाही चौदाव्या वर्षाशी थांबतो, मध्याह्न भोजनही आठवीशी थांबते. आठ वर्षे ज्या पटावर मुलाचे नाव होते तो पट एप्रिलमध्ये मिटतो, आणि जूनमध्ये दुसऱ्या कोणत्या पटावर ते नाव चढले की नाही हे पाहण्याचे काम नेमके कोणाचेच नसते. मुलगा बांधकामावर किंवा लारीवर जातो. मुलगी आईबरोबर दोन घरची कामे धरते, किंवा धाकट्यांना सांभाळायला घरी राहते. बालरोगतज्ज्ञाला ही मुले पुन्हा दिसत नाहीत. त्यांच्यातील काही मुली पुढे दिसतात त्या आपल्या प्रसूतितज्ज्ञ मैत्रिणींना, ७ ग्रॅम हिमोग्लोबिन घेऊन.

त्या मुलीचे कुटुंब जूनमध्ये दुसऱ्या शहरातील बांधकामावर गेले. कार्ड तिच्याकडे आहे. त्याच्या पुढच्या चौकटी कोणी भरते आहे का, हे या शाळेच्या वहीतून कळण्याचा मार्ग नाही.

यातून आम्ही एक नियम केला: आठवीच्या प्रत्येक मुलाला शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर आरोग्यपानाची प्रत द्यायची, आणि ज्यांचा उपचार चालू आहे त्यांच्या नव्या शाळेचे नाव व घरचा दूरध्वनी एप्रिलमध्येच लिहून घ्यायचा. शिक्षिका जूनमध्ये त्यांना फोन करतात. ज्या मुलाने नववीत नाव घातलेले नसते त्याच्या घरी त्या स्वतः जातात. हे त्यांचे काम कोणत्याही परिपत्रकात नाही.

मंडळापुढे प्रस्ताव

शाळेच्या आरोग्याचे उत्तरदायित्व शासनाचे आणि पालिकेचे आहे, आणि ते त्यांच्यावरच राहिले पाहिजे. आपण त्यांची जागा घेण्याचे कारण नाही. पथक वर्षातून एकदा येते. उरलेल्या अकरा महिन्यांत ‘पुढे काय झाले’ हा रकाना भरण्याचे काम मात्र आपण करू शकतो.

आपल्या मंडळात बालरोगतज्ज्ञ आहेत, नेत्रतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ, दंतवैद्य आणि स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. प्रत्येक सभासदाने आपल्या दवाखान्याजवळची एक पालिका शाळा निवडावी. मुख्याध्यापकांची आणि शिक्षण समितीची रीतसर परवानगी घ्यावी. महिन्यातून एक शनिवार, सकाळचा एक तास, फक्त सहावी ते आठवी. एक वजनकाटा, एक दृष्टितक्ता, एक वही. कापडी फलक नको, सत्कार नको, शाल-श्रीफळ तर मुळीच नको. त्यात शाळेचा अर्धा दिवस जातो. तज्ज्ञ सभासदांनी या शाळांच्या मुलांसाठी आपल्या दवाखान्यात आठवड्यातून एक ठराविक वेळ राखून ठेवावी, म्हणजे चिठ्ठी घेऊन आलेल्या पालकाला रांगेत दिवस घालवावा लागणार नाही. आणि आठवी सोडणाऱ्या मुलांची यादी सर्व सभासदांनी एकमेकांना द्यावी, कारण माझ्या शाळेतील मुलगा नववीला तुमच्या शेजारच्या शाळेत येईल.

निवृत्त सभासदांना माझी विशेष विनंती आहे. मुलांशी बोलायला सवड लागते, आणि ती आम्हा व्यवसायात असलेल्यांपेक्षा आपल्याकडे अधिक आहे.

१९०९ साली या शहरातील ज्या डॉक्टरांनी शाळेतील मुलांना ओळीने उभे करून तपासले, त्यांची नावे आपल्या क्रमिक पुस्तकांत नाहीत. शहराचे नाव तेवढे राहिले. जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा पहिल्या शनिवारी मी सकाळी आठ वाजता निघेन. ज्यांना सोबत यायचे असेल त्यांनी मंडळाच्या कार्यवाहांकडे नाव द्यावे; कोणती शाळा कोणाला जवळ पडेल, याची यादी मी करून ठेवली आहे.